उरलेली शहाऐंशी मिनिटे

आमच्या सरांच्या नावावर एकही राज्यस्तरीय चषक नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या श्रावणात सर गेले आणि तेव्हापासून त्यांच्याविषयी जे बोलले-लिहिले जात आहे, त्यात ‘अनेक नामवंत खेळाडू घडवले’ हे वाक्य हमखास येते. ते खरे नाही. पूर्णेसारख्या गावात, सरकारी शाळेच्या काळ्या मातीच्या मैदानावर, तीस वर्षांहून अधिक काळ मुलांकडून फुटबॉल खेळून घेणाऱ्या माणसाला असे उसने मोठेपण चिकटवण्याची काही गरज नाही. सरांना स्वतःलाही ते रुचले नसते. गुण देताना हात सैल सोडणे त्यांना कधी जमले नाही. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत तर अर्ध्या गुणासाठीही ते नकाशातली नदी बोटाने तपासून पाहत.

मग सरांनी केले काय, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे की, ज्या मुलाच्या पायाशी चेंडू नाही त्या मुलाला त्यांनी कामाला लावले. ऐकायला हे किरकोळ वाटते. परंतु कोणत्याही शाळेच्या मैदानावर संध्याकाळी जाऊन उभे राहिले तर दिसते ते असे की, दोन-तीन तरबेज मुले चेंडू घेऊन पळत असतात आणि उरलेली सगळी मुले त्यांच्या मागे धूळ खात धावत असतात. सरांची सगळी हयात त्या धूळ खाणाऱ्या मुलांवर खर्च झाली. मी त्यांतलाच एक होतो.

पूर्णा हे परभणी जिल्ह्यातले रेल्वेचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग आणि अकोल्याकडून येणारा मार्ग येथे एकत्र येतात. पहिला मार्ग निजामाच्या राजवटीतला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या अमलातून सुटला, तरी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तो हैदराबाद राज्यातच होता, आणि रेल्वेतली माणसे त्यानंतरही कितीतरी वर्षे त्याच दिशेने येत-जात राहिली. आमच्याकडे फुटबॉल आला तो याच रुळांवरून, असे सर म्हणत. पुण्या-मुंबईचा किंवा कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल आम्हांला फार उशिरा कळला. आमच्या लहानपणी रेल्वे वसाहतीत ज्यांच्या तोंडी या खेळाच्या गोष्टी असत, ती माणसे हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाबद्दल बोलत. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला होता.

सर मात्र या परंपरेतले नव्हते. ते वसमतकडचे, हळद पिकवणाऱ्या घरातले. तरुणपणी कबड्डी खेळलेले, थोडी कुस्तीही केलेली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. तेथे फुटबॉलचे नियम त्यांनी परीक्षेपुरते पाठ केले होते, असे ते स्वतःच सांगत. १९८४ च्या सुमारास ते पूर्णेला रुजू झाले, आणि खेळ म्हणून फुटबॉल त्यांना येथे शिकवला तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका फिटरने, ज्यांना सगळे गाव चाचा म्हणत असे. चाचा तरुणपणी हैदराबादेत पोलिसांच्या संघाचा सराव पाहायला रोज जात, आणि आपण त्यांच्या राखीव संघातून दोन सामने खेळलो असेही सांगत. खरे-खोटे चाचांनाच माहीत. पण पंचविशीतला पदवीधर शिक्षक शाळा सुटल्यावर एका म्हाताऱ्या फिटरकडून चेंडू पायाच्या आतल्या बाजूने कसा थांबवावा हे शिकत असे, ही गोष्ट मात्र ते दृश्य पाहिलेल्या अनेकांनी मला सांगितली आहे. ‘पैर कू नरम रखो मास्टरसाब, गेंद कू मारना नै, लेना है,’ हे चाचांचे वाक्य सर आम्हांला त्याच दखनीत ऐकवत.

चाचांच्या बोलण्यात ज्यांचे नाव वारंवार येई त्या सय्यद अब्दुल रहीम यांना सरांनी आपलेसे केले. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशाने शाळाशिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्लीच्या आणि १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले तेव्हा डोक्याला टाके घातलेला बचावपटू जर्नेलसिंग आघाडीला खेळत होता आणि दोनपैकी एक गोल त्याचा होता. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोग झालेला होता. पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ रोजी, ते गेले. ही गोष्ट आम्ही सरांकडून इतक्यांदा ऐकली की, तिच्यातल्या जागा आम्हांला पाठ झाल्या होत्या. परंतु सर टाक्यांवर थांबत नसत. ‘जर्नेलसिंगला पुढं काढला, तर त्याची मागची जागा कोणी भरली, हे कुणी विचारतच नाही,’ असे म्हणून ते पुढचा अर्धा तास त्या मागच्या जागेवर बोलत.

आठवीत असतानाचा एक पावसाळी दिवस मला स्पष्ट आठवतो. मैदानावर जाता येत नव्हते, म्हणून सरांनी पी.टी.चा तास वर्गातच घेतला. फळ्यावर त्यांनी ९० लिहिले, रेघ मारून खाली २२ लिहिले आणि पहिल्या बाकावरच्या मुलाला भागाकार करायला सांगितला. उत्तर चारच्या थोडे वर आले.

‘म्हणजे चेंडू एकदाही बाहेर गेला नाही, हवेत उडाला नाही, सगळा वेळ कुणाच्या ना कुणाच्या पायाशीच राहिला असं धरलं, तरी तुझ्या वाट्याला चार मिनिटं. आता मला सांग, उरलेली शहाऐंशी मिनिटं तू काय करायलास?’

‘पळायलो, सर.’

‘कुठं?’

याला उत्तर नव्हते. सरांनी खडूने मैदान काढले, चेंडू एका कोपऱ्यात दाखवला आणि आम्हां प्रत्येकाला फळ्याजवळ बोलावून, ‘चेंडू तिथं आहे, तर तू कुठं?’ असे विचारले. बहुतेकांनी चेंडूच्या जवळ ठिपका काढला. तास संपला तेव्हा त्या एका कोपऱ्यात मुंग्यांसारखे ठिपके जमले होते आणि उरलेले सगळे मैदान रिकामे होते. सर काही बोलले नाहीत. त्यांनी फळा पुसायला नकार दिला आणि पुढच्या तासाला आलेल्या गणिताच्या बाईंना ‘आज एवढं राहू द्या’ अशी विनंती केली. बाईंनी फळ्याच्या उरलेल्या कडेला त्रिकोण काढून तास घेतला.

बचावाची रांग कशी राखायची, हे त्यांनी आम्हांला तिफणीवरून समजावले. आमच्यातली निम्मी मुले आसपासच्या खेड्यांतून सायकलने येणारी, घरी पेरणी पाहिलेली. ‘तिफणीचे फण कधी एकमेकांत घुसतात का? एक पुढं, एक मागं असं चालतं का? तसं चाला.’ मी डावखुरा असल्यामुळे मला डावीकडच्या मागच्या जागेवर टाकले होते. शेजारच्या मुलापासूनचे अंतर न मोडता पुढे-मागे सरकायचे, एवढेच माझे काम. त्या कामात मी वाईट नव्हतो, आणि चांगला होतो असेही नाही. मात्र सामना संपल्यावर गोल करणाऱ्याच्या आधी सर अशा मुलाकडे जात, ज्याने चेंडूला हात-पाय काहीच न लावता एखादी वाट बंद करून ठेवली होती. त्याला ते खांद्यावर थापही मारत नसत. ‘बावीस नंबर, तू तिथं उभा होतास म्हणून त्याला वळावं लागलं,’ असे फक्त घडलेले सांगत. आपण उभे होतो हे कोणीतरी पाहिले, याची त्या वयातल्या मुलाला केवढी किंमत असते, हे वेगळे सांगायला नको.

सर भूगोल शिकवत, हे मी वर म्हटलेच. पी.टी.चे शिक्षक आणखी एखादा विषय घेतात तो बहुधा नाइलाजाने, पण सरांचा पदवीचा विषयच भूगोल होता आणि त्यांचे दोन्ही विषय एकमेकांत मिसळलेले असत. गोदावरी ते त्र्यंबकेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत खडू न उचलता काढत आणि वाटेत नाथसागर, नांदेड, तेलंगण, राजमहेंद्री अशी नावे घेत. परीक्षेत त्यांचा एक ठरलेला सापळा असे: ‘पूर्णा नदी कोणत्या नदीला मिळते?’ गावातले पोर लगेच ‘गोदावरी’ लिहून मोकळे होई. पण महाराष्ट्रात तापीला मिळणारी पूर्णाही आहे, ती विदर्भातून वाहते, आणि सर अमरावतीला शिकले ते तिच्याच खोऱ्यात. ‘कोणती पूर्णा, हे आधी विचारायला पाहिजे होतं,’ असे म्हणून ते अर्धा गुण कापत. मुले चिडत, पालक तक्रार करत, मुख्याध्यापक मध्ये पडत. अर्धा गुण कापलेलाच राही. आजही मला हा प्रकार थोडा आडमुठा वाटतो.

मैदान हा त्यांच्या भूगोलाचा सर्वांत मोठा धडा होता. आमची जमीन म्हणजे सहा कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली काळी माती, म्हणजेच रेगूर मृदा. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मैदानाला भेगा पडत. एकदा उन्हाळी वर्गाच्या मुलांना सरांनी मैदानावर नेले आणि लाकडी फूटपट्टी भेगेत उभी सोडायला सांगितली. पट्टी पूर्ण आत गेली, आणि ती बाहेर काढताना एका मुलाचा हात कोपरापर्यंत काळा झाला. ‘ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. शेतकऱ्याला बरं, आपल्या घोट्याला वाईट,’ असे सर म्हणाले. रेगूर मृदेवरचा तो प्रश्न त्या वर्षी कोणाचाही चुकला नाही.

याच मातीमुळे आमच्या फुटबॉलची खरी अडचण होती, आणि ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धा तालुका आणि जिल्हा पातळीवर सुरू होतात त्या साधारणतः जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे जेव्हा स्पर्धा असते तेव्हाच काळे मैदान खेळण्याजोगे नसते. पाऊस पडून गेल्यावर त्या चिखलात चार पावले टाकली की बुटाच्या तळाला एवढा गोळा चिकटतो की पाय उचलत नाही, आणि चेंडू जेथे पडला तेथेच रुतून बसतो. हिवाळ्यात मैदान उत्तम असते, पण तोपर्यंत स्पर्धा संपून गेलेल्या असतात. यावर सरांनी काढलेला तोडगा म्हणजे पावसाळाभर सराव मुरमाड जागेवर घ्यायचा. रेल्वेच्या मालधक्क्याशेजारी एक पट्टा होता, तेथे आम्ही जात असू. पडले की गुडघे आणि कोपरे सोलून निघत. सरांच्या खिशात जांभळ्या औषधाची बाटली कायम असे आणि जुलैमध्ये शाळेतली फुटबॉलची मुले त्या जांभळ्या डागांवरूनच ओळखू येत.

साहित्याबद्दल लिहायचे तर पुष्कळ आहे. चेंडू चामडी, आत ब्लॅडर. ब्लॅडर फुटला की तो बाजारातल्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला जाई. तेथे तो पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे कोठून येतात ते पाहत, मग कानशीने घासून सोल्युशन लावून ठिगळ बसवत. शिवण उसवली की मोची मेणाच्या दोऱ्याने टाके घाली. भिजलेला चेंडू दुसऱ्या दिवशी डोक्याला लागला तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. एका वर्षी संघाला गणवेश हवा म्हणून पांढऱ्या बनियनी आणून सरांच्या घरी, त्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली, मोठ्या पातेल्यात निळ्या रंगात बुडवल्या. आम्ही त्यांना वहिनी न म्हणता मॅडमही न म्हणता ‘काकू’ म्हणत असू. नंबर टाकले ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने, ऑइल पेंटने. परभणीच्या सामन्यात पाऊस आला आणि मध्यंतरापर्यंत सगळ्या संघाच्या पाठी निळ्या झाल्या. नंबर मात्र पक्के राहिले, इतके की वाळल्यावर बनियनीची पाठ पत्र्यासारखी वाजत असे.

बुटांचा प्रश्न निराळा. फार थोड्या मुलांकडे बूट असत, आणि अनवाणी खेळण्याचे कौतुक करणारी मोठी माणसे गावात पुष्कळ होती. ती सांगत की, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खेळाडू अनवाणी खेळून फ्रान्सशी जेमतेम २-१ ने हरले. सर त्यांना चार वर्षांनंतरची गोष्ट सांगत. १९५२ मध्ये हेलसिंकीला थंडीत तसेच अनवाणी खेळायला गेलो आणि युगोस्लाव्हियाने दहा गोल मारले; सामना १०-१ असा गेला, त्यानंतर बूट आले. १९५० च्या विश्वचषकाला भारत अनवाणी खेळू दिले नाही म्हणून गेला नाही, ही लोकप्रिय कथाही त्यांना खपत नसे. भारतीय फुटबॉल महासंघाला तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिंपिक महत्त्वाचे वाटत होते, हे त्यांचे म्हणणे. गरिबीचे कौतुक करून गरीब मुलाला तसेच ठेवायचे, याचा त्यांना मनस्वी राग होता. त्यांनी शाळेच्या पेटीत बूट जमवले. आत कापूस कोंबून, कधी दोन-दोन मोजे घालून, ते आम्ही आलटून-पालटून वापरत असू.

सरावात जोड्या सर लावत, मुलांना लावू देत नसत. रेल्वे वसाहतीतली तेलुगू बोलणारी मुले, मोहल्ल्यातली, भीमनगरातली, खेड्यांतून येणारी, व्यापाऱ्यांच्या घरची अशी सगळी मुले शाळेत होती, आणि मोकळे सोडले तर ती आपापल्या गटातच चेंडू टाकत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला असतानाच्या काळाबद्दल माझ्याहून मोठे विद्यार्थी सांगतात की, नामांतर झाले त्या १४ जानेवारी १९९४ च्या आगेमागे सगळीकडे वातावरण ताणलेले असतानाही सरांनी सराव थांबवला नाही आणि जोड्याही बदलल्या नाहीत. भाषण दिले नाही. मैदानाच्या कडेला एक माठ आणि एक ओगराळे असे, आणि पाणी जर्सीच्या नंबराप्रमाणे मिळे. नंबर सर देत. काही घरांना ते आवडले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. त्या वर्षी दोन मुले संघातून काढून घेतली गेली.

आता पराभवाचे. १९९८ च्या पावसाळ्यात आम्ही परभणीला जिल्ह्यात पहिले आलो. विभागीय सामन्यांसाठी पॅसेंजर गाडीने औरंगाबादला गेलो, आणि पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले. समोरचा संघ आमच्याहून सर्व बाबतींत सरस होता, त्यात तक्रारीला जागा नाही. परतीच्या गाडीत सगळे गप्प. जालना गेल्यावर सरांनी पिशवीतून काकूंनी दिलेल्या धपाट्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, सगळ्यांना वाटली आणि विचारले, ‘चौथा गोल कसा झाला?’ पहिल्या तीन गोलांमध्ये आमचे काही चालण्यासारखे नव्हते, शेवटच्या तिन्हींत आम्ही दमलो होतो, पण चौथा गोल आमचा होता, असे त्यांचे म्हणणे. मग सेलूपासून परभणीपर्यंत चौथ्या गोलावर चर्चा चालली. धपाट्याचे तुकडे बाकावर मांडून खेळाडू दाखवले गेले आणि एका वादात उजवीकडचा बचावपटू कोणीतरी खाऊन टाकला.

त्याच वर्षीच्या जुलैत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला होता. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होणारा तो सामना सरांनी आम्हांला रेल्वे वसाहतीतल्या एका घरी दाखवला. पालकांकडून चिठ्ठ्या आणवल्या होत्या. झिदानने दोन्ही गोल कॉर्नरवर डोक्याने मारले, पेटीने शेवटी तिसरा केला आणि फ्रान्स ३-० ने जिंकला. झिदानचे गोल पुन्हा दाखवत तेव्हा सर पडद्यापाशी जाऊन बोट लावत. त्यांचे बोट झिदानवर नसायचे. झिदानला मोकळे सोडून दुसरीकडे पाहत उभ्या राहिलेल्या ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीवर असायचे. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळी मुले डोक्याने चेंडू मारायच्या नादात होती आणि सर कॉर्नरच्या वेळी कोणी कोणाला धरायचे, याचा सराव घेत होते. उत्साहावर पाणी टाकण्याची ही त्यांची हातोटी आम्हांला त्या वयात सहन होत नसे.

मुलींचा संघ त्यांनी मी शाळा सोडल्यानंतर उभा केला, त्यामुळे त्याविषयी मी ऐकीव माहितीवर लिहितो. संघासाठी सर आणि काकू दोघे घरोघरी गेले. सर दारात उभे राहत आणि काकू आत जाऊन बोलत. सराव सकाळी सहाला ठेवला, कारण त्या वेळी मैदानाच्या कडेला बघे नसत. पहिल्या वर्षी मुली सलवार-कुर्त्यावर खेळल्या. त्यांतली एक आज पोलीस दलात आहे, एक परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला आहे. शोकसभेत ही दुसरी म्हणाली की, घरच्यांनी परवानगी दिली ती फुटबॉलसाठी नव्हे, तर काकू स्वतः रोज मैदानावर येऊन बसतात म्हणून. काकूंचे नाव कोणत्याच सत्कारात घेतले गेले नाही, ते येथे तरी यावे.

दहावीला क्रीडागुण मिळतात म्हणून नववीच्या शेवटी अचानक फुटबॉलची आवड निर्माण झालेल्या मुलांची रांग लागे. सर कोणालाही परत पाठवत नसत. मात्र त्यांना जून महिन्यातली कामे देत: मैदानावरचे काँग्रेस गवत उपटणे, फक्की मारणे, खड्डे बुजवणे. रांग आपोआप छोटी होई, आणि जे टिकत त्यांतून दर वर्षी एखादा चांगला खेळाडू निघे.

२०१७ मध्ये सर निवृत्त झाले. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला, नवी मुंबईत सामने झाले, आणि त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी लाखो मुलांनी फुटबॉल खेळावा असा सरकारी कार्यक्रम झाला. सर तो पाहायला गेले होते. मुलांना नवे चेंडू मिळाले याचा त्यांना मनापासून आनंद झाला. मला माहीत असलेल्या दोन शाळांत ते चेंडू त्या दिवसानंतर कपाटात गेले, कारण ते काढून द्यायला आणि मोजून परत घ्यायला माणूसच नव्हता. शाळेत किती शिक्षक हे ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या हिशेबात क्रीडाशिक्षकाचे पद बसत नाही, तेव्हा ते रिकामे राहते. सरांच्या जागेवरही कोणी आले नाही. एक दिवस लाखो मुले खेळली, यापेक्षा एका शाळेत दर संध्याकाळी तीस मुले खेळतात हे मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि त्या तीस मुलांसाठी पगारी माणूस लागतो.

निवृत्तीनंतरही गुडघे साथ देत होते तोवर सर मैदानावर येत. शिट्टी वाजवण्याचा अधिकार आता आपला नाही, म्हणून ती आणत नसत. कट्ट्यावर बसून मुलांना ‘चेंडू तिथं आहे, तर तू कुठं?’ एवढेच विचारत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, तेव्हा शाळेच्या मैदानावर पाणी मारणे त्यांनी स्वतःहून बंद केले होते. त्यानंतर मैदान कधी नीट झालेच नाही. ही खंत ते शेवटपर्यंत बोलून दाखवत. रोग, दवाखाना यांविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

शोकसभेनंतर आम्ही जुने विद्यार्थी शाळेच्या वऱ्हांड्यात बसलो. सरांच्या नावाने स्मृतिचषक सुरू करावा, मोठी ढाल करावी, पाहुणे बोलवावेत, असा बहुतेकांचा आग्रह होता. पैसेही जमत होते. मी आणि आणखी काहींनी विरोध केला. ढाल एका संघाला मिळते आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेमागे राहते. मैदान खराब असेल तर ती मिळवायला खेळणार कोण? वाद बराच वेळ चालला, थोडा कडूही झाला. शेवटी काकूंना विचारायचे ठरले. त्यांनी ढालीची किंमत विचारली, मग मुरमाच्या एका ट्रॉलीचा भाव विचारला, आणि मनातल्या मनात भागाकार केला. आता एप्रिलमध्ये भेगा पूर्ण उघडल्या की पूर्वेकडच्या गोलपासून मुरूम टाकायला सुरुवात करायची आहे. रोलर बाजार समितीकडून एका दिवसासाठी मागितला आहे. मृगाच्या आधी दोन वेळा दाबून झाले पाहिजे. ज्यांना सुट्टी काढून यायचे आहे त्यांनी तसे कळवावे आणि घमेले-फावडे आपापले आणावे.